'सोबत' नावाचा रकाना

काम अगदी साधं होतं. इस्पितळाच्या डेटाबेसमध्ये कोणते रकाने असावेत, ते आमच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तेवढेच आहेत ना, एवढंच ताडून पाहायचं. दुपारची वेळ. तळघरातल्या आमच्या खोलीत मी एकटाच होतो. बाहेर आभाळ भरलेलं, झरोक्यातून येणारा उजेड मळकट, आणि यंत्रांची ती एकसुरी घरघर.

पेशंटांच्या तक्त्यात एक रकाना जास्तीचा निघाला. 'सोबत'. कोडमध्ये त्याचा मागमूस नव्हता. जवळजवळ सगळ्या ओळी रिकाम्या. वरच्या वॉर्डातल्या, खिडकीजवळच्या एका पेशंटापुढे मात्र शब्द होता... आई.

माझी ताई त्याच वॉर्डात नर्स. तिला फोन लावला.

"खिडकीजवळच्या पेशंटाबरोबर त्यांची आई आहे का गं?"

"काहीतरीच काय? आजोबा नव्वदीला टेकलेत. आई कुठली असायला?" मग तिचा आवाज खाली आला. "पण मघापासून रिकाम्या खुर्चीशी बोलतायत..."

थोड्या वेळानं तिचाच फोन आला. आजोबा गेले होते.

कुणीतरी चावटपणा केला असेल, अशी मनाची समजूत घालत मी पुढचा तक्ता उघडला. कर्मचाऱ्यांचा. तिथंही तोच रकाना. ताईच्या नावापुढे लिहिलं होतं, बाबा.

आमचे बाबा जाऊन वर्षं लोटली.

परवानगी-बिरवानगी न विचारता मी दोन्हीकडून तो रकाना उडवला. पुन्हा तपासलं. सगळं जुळत होतं. तरी जीव थाऱ्यावर येईना. धापा टाकत जिने चढून वॉर्डात पोचलो. ताई औषधांचा ट्रे पुसत उभी होती, चांगली धडधाकट.

"असा पांढराफटक का पडलायस?"

"घरी चल. आत्ता."

"अरे, ड्यूटी संपायचीय माझी..."

"ताई, चल."

एरवी शब्दाला शब्द वाढवणारी ताई मुकाट्यानं निघाली. आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो. तिचा दंड मी सोडला नव्हता. लिफ्टवाला मात्र दार लावेना. बाहेरच्या रिकाम्या व्हरांड्याकडे पाहत, दाराला हात लावून, अदबीनं उभा राहिला.

"चला ना," मी म्हणालो.

"हो साहेब. बाबांना येऊ दे की... सावकाश चालतायत."

ताई नुसती बाजूला सरकली, आणि तिनं जागा करून दिली.