वगळायच्या यादीतली ओळ

"माझ्या बाबांचा आवाज पुसला गेलाय," समोर बसलेली शिक्षिका म्हणाली. शेजारी तिचे वडील, गळ्याला पट्टी, मांडीवर छोटी वही.

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यावर त्या आता खाजगी तपास करत. त्यांचे धाकटे दीर, भावोजी, कायम सोबत असत. डोकं सावकाश चालायचं, पण टिपणं चोख.

"शुक्रवारी ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं," मुलगी सांगू लागली. "त्याआधी सहा आठवडे क्लिनिकमधल्या थेरपिस्टनी बाबांना बोलायला लावून बेचाळीस रेकॉर्डिंग केली. दहा-दहा मिनिटांची. त्यांवरून मशीन बाबांच्या आवाजात बोलणार होतं. आई माणसं विसरलीय. बाबांनासुद्धा चेहऱ्यानं ओळखत नाही, आवाजानंच ओळखते."

"आणि रेकॉर्डिंग?"

"शनिवारी थेरपिस्टचा फोन आला, सगळं गेलं म्हणून. टेक्निशियनच्या स्क्रिप्टनं, म्हणजे त्यानं लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामनं, उडवलं म्हणे. त्याला घरी बसवलंय. पुसलेलं परत आणणारे लोक असतात ना? तेवढ्याच आशेवर आहोत."

टेक्निशियन आपल्या खोलीत, दाढी न केलेला, लॅपटॉप उघडून बसला होता.

"क्लिनिकनं दोन महिन्यांपूर्वी अकरा नवे कॉम्प्युटर घेतले," तो म्हणाला. "त्यांत आधीपासूनच खेळ, बातम्या, हवामान असली नको ती अ‍ॅप्स भरलेली. माझी स्क्रिप्ट ती सगळी एका फटक्यात काढते. जी ठेवायची त्यांची नावं वेगळ्या फाइलीत असतात, वगळायच्या यादीत. बुधवारी सगळ्यांना कळवलं, गुरुवारी दोन्ही फाइली पाठवल्या. ज्यानं त्यानं आपल्या खोलीत चालवल्या."

"यादीत रेकॉर्डर होता, रेकॉर्डिंगचं अ‍ॅप?"

"पहिल्याच ओळीत. बाकी दहा कॉम्प्युटरवर तो जागच्या जागी आहे."

"अ‍ॅप गेलं की आतली रेकॉर्डिंगही जातात?"

"जातात. बुधवारी थेरपिस्ट मॅडमनीही हेच विचारलं होतं."

त्यानं थेरपिस्टच्या कॉम्प्युटरवरून आलेला अहवाल दाखवला. काढलं: रेकॉर्डर. फाइली बेचाळीस. मोकळी झालेली जागा सहा एमबी. भावोजींनी उतरवून घेतलं.

क्लिनिकमध्ये थेरपिस्ट थंडपणे बोलली. "रोज संध्याकाळी मी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकत होते. स्वच्छ होती सगळी."

"वगळायची यादी उघडून पाहिलीत?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बटण दाबलं, एवढंच."

"खोलीची चावी?"

"माझ्याकडेच असते."

वहिनींनी तिच्या कॉम्प्युटरवरची यादी उघडून घेतली. रेकॉर्डर होता. अगदी शेवटच्या ओळीत.

व्यवस्थापक घाईत होते. "गुरुवारी मी गावात नव्हतो. चूक टेक्निशियनची, विषय संपला."

"तुम्ही रेकॉर्डर वापरता?"

"मीटिंगसाठी. ही बघा, दहा मिनिटांची. दहा एमबी." त्यांनी कौतुकानं दाखवली.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "वहिनी, यादीत नाव असूनही गेलं, म्हणजे स्क्रिप्टच बिघडलेली."

"नाव पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीत चालत गेलं का, भावोजी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिकच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. बाप-लेकही आले होते.

"यादीतली पहिली ओळ कोणीतरी काढली," वहिनी म्हणाल्या. "स्क्रिप्ट चालली, रेकॉर्डर गेला. मग ती ओळ परत लिहिली, पण घाईत तळाशी. हे त्या एकाच कॉम्प्युटरवर झालं आणि त्या खोलीची चावी एकाच व्यक्तीकडे आहे. रेकॉर्डिंगही जातात का, हेही तिनंच आदल्या दिवशी विचारलं होतं."

थेरपिस्टनं मान खाली घातली.

"पण स्वतःचं सहा आठवड्यांचं काम ती का पुसेल?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"तुमच्या दहा मिनिटांना दहा एमबी. बेचाळीस रेकॉर्डिंगना चारशेच्या वर हवेत. अहवालात सहा आहेत. शांततेला जागा फारशी लागत नाही."

मुलीला समजायला वेळ लागला. "म्हणजे परत आणायला..."

"काहीच नाही, बाळ. त्यांत आवाज कधी नव्हताच."

"माइक बंद होता," थेरपिस्ट पुटपुटली. "मी एकदाही ऐकलं नव्हतं. बुधवारी पहिल्यांदा लावून पाहिलं. आधी एकदा अशीच चूक झाली होती, या वेळी काढूनच टाकलं असतं मला."

"बुधवारी," वहिनी म्हणाल्या. "आणि ऑपरेशन शुक्रवारी."

टेक्निशियनची नोकरी वाचली होती, पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"दोन दिवस होते," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "दहा मिनिटंही पुरली असती आम्हाला. घरच्या व्हिडिओत बाबांचा आवाज कुठेच नाही, शूटिंग तेच करायचे, गप्प राहून. आणि तुम्ही सांगितलं होतंत, घसा जपा. म्हणून गुरुवारी ते आईशी बोलायला लागले की मी त्यांना गप्प करत होते. दिवसभर."

थेरपिस्ट रडू लागली. मुलीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

वडिलांनी सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं. वहीत काहीतरी लिहून त्यांनी ती मुलीपुढे धरली.

'चल. आई एकटी आहे.'