रातपाळीचा दुसरा माणूस

कुमागाई थापा मारणारा माणूस नव्हे. तेव्हा ऐका, आणि मध्ये हसू नका.

आपल्या तोशिनाई नदीवरचं सरकारी केंद्र, जिथं सॅमनची अंडी उबवतात, तिथं तो कामाला. रातपाळीला दोन माणसं लागतात. पण ओयामादा म्हातारा वारला आणि हा एकटाच उरला. दोन वर्षं दुसरा माणूस मागून मागून बिचारा मेटाकुटीला आला होता. वरच्या ऑफिसचं उत्तर ठरलेलं, 'विचाराधीन.' "विचार करतायत की अंडी घालतायत?" असं तो आम्हालाच विचारायचा.

डिसेंबरची दोन तारीख, सोमवार. रात्री साडेअकराला तो शेडमध्ये फेरी मारायला गेला, तर पाण्याचा आवाज बंद. वर ज्या ओढ्यातून शेडला पाणी येतं, त्याच्या जाळीवर बर्फ धरला होता. आत आठ लाख अंडी, अठरा दिवसांची. या दिवसांत ट्रे नुसता हलला तरी अंडं मरतं, म्हणजे उचलून हलवायचीही सोय नाही. एकानं बर्फ फोडायचा आणि दुसऱ्यानं टाकीतलं पाणी ओगराळ्यानं अंड्यांवर सोडत राहायचं. नाहीतर तासाभरात सगळी गोठणार. यंदा नदीत मासे चढले होते मोजकेच. ही अंडी गेली की नदी रिकामी.

त्यानं ऑफिसला फोन लावला. ड्यूटीवरचा साहेब जांभई देत म्हणाला, "सकाळी लेखी कळवा."

कुमागाईनं फोन आपटला. संतापानं रडूच आलं त्याला. शेवटी अंडी देवाच्या हवाली केली आणि पहार घेऊन ओढ्यावर गेला. बर्फ फोडण्यात दीड तास गेला. पाणी सुटलं, पण आता काय उपयोग, म्हणून ऑफिसच्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत आला.

दाराशी थबकला.

आत अंधार. आणि आवाज. चुळुक... चुळुक... ओगराळ्यातून पाणी सोडल्याचा. संथ. न चुकता.

"कोण आहे?"

आवाज थांबला.

मग आतून, अगदी हळू... "दार लाव रे. वारं लागतंय अंड्यांना."

ओयामादा. त्याच्या हाताखाली अकरा वर्षं हीच बोलणी खाल्ली होती कुमागाईनं. त्यानं दार लावलं. बाहेरून. उजाडेपर्यंत पायरीवर बसून राहिला...

सकाळी आत कुणी नाही. अंडी ओली, नारिंगी, जिवंत. हजेरीला सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायला त्यानं वही उघडली. शेजारच्या रकान्यात दुसरा शिक्का होता, लालभडक. ओयामादाचा. म्हाताऱ्याचा शिक्का त्याच्याबरोबर चितेत गेला होता. ठेवणारा कुमागाईच.

महिनाअखेरीस वही वर गेली. दोन वर्षं झोपलेलं ऑफिस चार दिवसांत जागं झालं. वही परत आली, सोबत उत्तर: 'रातपाळीस दोन कर्मचारी हजर असल्याची नोंद आहे. सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे.'

"आता काय लिहू त्यांना?" कुमागाईनं मला विचारलं. "दुसरा मेलेला आहे म्हणून?"

त्यानं वही पुढे केली. मी त्या शिक्क्यावर बोट ठेवलं, तर शाई बोटाला लागली. ओली होती... अजूनही ओलीच आहे.