रेमेईबाईंचे हात

हे वाचून काही जण हसतील. खुशाल हसा. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

पण त्या दुपारी त्या उतारावर मी होते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आजही गरम किटलीला लावली तरी त्यांना काही कळत नाही. त्यामुळे खरं की खोटं, हा वाद माझ्याशी घालू नका.

मी आयलिन. अर्जेंटिनातल्या एस्केलची. स्नोबोर्ड शिकवते. आमच्याकडचा हिवाळा संपला की बॅग भरून युरोपातल्या अंडोराला यायचं, इथला संपला की परत घरी. कित्येक वर्षांत मी धड उन्हाळा पाहिलेला नाही. दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो. हीटरवर सगळ्यांचे बूट वाळत घातलेले, आणि त्या वासातच एकाच भांड्यातून आळीपाळीने आमच्याकडचा कडू चहा, माते, प्यायचा.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. जानेवारीतला तीन राजांचा सण होऊन गेला होता आणि गर्दी ओसरली होती. त्या आठवड्यात माझ्याकडे एकच विद्यार्थिनी होती.

रेमेईबाई. वय अठ्ठावन्न. स्पेनमधल्या येइदा शहरात त्यांची बेकरी होती. आयुष्यात पहिल्यांदा बोर्डवर उभ्या राहत होत्या. आणि बोलायच्या... बाप रे, काय बोलायच्या! आपटल्या तरी तोंड चालूच. माझा घरातला सोबती नावेल म्हणायचा, "आयलिन, त्या बाईला डोंगरावर एकटी सोडू नकोस. बोलून बोलून सगळा बर्फ वितळवेल आणि आपल्या पोटावर पाय येईल."

मला मात्र त्या आवडायच्या. घरापासून इतक्या लांब कोणी "पोरी" म्हणून हाक मारली की बरं वाटतं.

त्या दिवशी शिकवणी संपत आली होती. लिफ्ट बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता.

"पोरी, एकदाच वरपर्यंत ने," त्या म्हणाल्या. "अगदी टोकाला. तिथला फोटो मिरेयाला पाठवायचाय. माझी लेक म्हणते, आई, तू कंबर मोडून घेणार."

"रेमेईबाई, वर धुकं आहे."

"धुकं काय खातंय मला? तू आहेस ना!"

मी वर पाहिलं. धुकं होतं, पण पातळ. उतार सोपा होता. मी रोज दहा वेळा उतरायचे.

आम्ही लिफ्टच्या खुर्चीत बसलो आणि बाईंची टकळी सुरू झाली.

"पहाटे पिठाला हात लावला ना, की मी आधी त्याच्याशी बोलते. पीठ ऐकतं. नवरा नाही ऐकत!" मग एक खोकला, आणि मग ते खळखळून हसणं. "मिरेया म्हणते, आई, तू झोपेतही बोलतेस. मी म्हटलं, मग काय करू? जागेपणी कोण ऐकतंय माझं?"

"मी ऐकतेय की," मी म्हटलं.

"तू पैसे घेतेस म्हणून ऐकतेस, लबाडे!"

दोघी हसत हसत वर पोहोचलो. फोटो काढला. आमच्यामागे लिफ्ट थांबली.

आणि धुकं आमच्याभोवती मिटलं.

दुसरा शब्द नाही त्याला. समोरचं, मागचं, खालचं, सगळं एकसारखं पांढरं. उताराच्या कडेला काठ्या रोवलेल्या असतात. त्यातली एक दिसायची, पुढची दिसायची नाही.

मी घाबरले नाही. अशा वेळी काय करायचं हे आम्हाला पाठ असतं. शिकणारा दरीकडे तोंड करून उभा राहतो. शिकवणारा त्याच्या खालच्या बाजूला, दरीकडे पाठ करून. त्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि हळूहळू घसरत खाली यायचं. दोघांचेही दोन्ही पाय बोर्डला पट्ट्यांनी आवळलेले असतात. हात सोडल्याशिवाय पट्टे काढता येत नाहीत.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "खाली बघू नका. मी धरलंय तुम्हाला."

आम्ही निघालो.

बाईंच्या डोळ्यांवर गॉगल होता, नाकापर्यंत गळपट्टा. त्यावर बर्फाचा थर बसत चालला होता. थोड्याच वेळात चेहरा दिसेनासा झाला. लाल जॅकेट आणि माझ्या हातातले दोन हात, एवढंच काय ते उरलं.

बराच वेळ खाली आलो आणि मग माझ्या लक्षात आलं...

बाई बोलत नव्हत्या.

"रेमेईबाई? ठीक आहात ना?"

उत्तर नाही.

"घाबरलात होय? मिरेयाला सांगेन हं, आईची बोलती बंद झाली म्हणून."

तरीही नाही. फक्त माझ्या हातांवरची पकड घट्ट झाली. हातमोज्यातूनही बोटं दुखायला लागली.

भीतीनं माणूस गप्प होतो, मी स्वतःला समजावलं. आणि तेवढ्यात...

"पोरी!"

आवाज वरून आला. लांबून. आम्ही जिथून निघालो होतो तिथून.

"पोरी! कुठे गेलीस गं? हात का सोडलेस माझे?"

रेमेईबाईंचा आवाज. तोच. शंका घ्यायला जागाच नव्हती.

आवाज वर होता. मग माझ्या हातांत कोणाचे हात होते?

मी समोर पाहिलं. गॉगलवर बर्फ. तोंडावर बर्फ. एक शब्द नाही. आणि ती पकड अजून आवळत चालली होती.

"सोडा," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. जोरजोरात, नाही नाही म्हणत.

"पोरी, मला थंडी वाजतेय! एकटीला टाकून जाऊ नकोस!" वरून रडवेला आवाज आला.

मी हात ओढले. सुटेनात. पाय बांधलेले, हात धरलेले, मागे दरी. चिखलात रुतलेल्या गुरासारखी गत झाली माझी. शेवटी मी खाली बसकण मारली आणि हातमोज्यांतून हात खसकन बाहेर काढले. हातमोजे तिच्याच हातात राहिले. पट्टे सोडले, बोर्ड उचलला आणि आवाजाच्या दिशेनं वर धावत सुटले.

मागे वळून पाहिलं नाही. फोन काढला, तर थंडीनं तोही बंद पडलेला.

वर चढताना आवाज सतत थोडा पुढेच राहायचा. "इकडे, पोरी... इकडे..." छाती फुटायची वेळ आली. आणि एकदाची ती दिसली. लाल जॅकेट. बर्फात बसलेली, माझ्याकडे पाठ करून.

मी तिला मिठीच मारली. खरंच सांगते, मी रडले.

"आलीस, पोरी," ती म्हणाली.

"चला. आता मी सोडत नाही तुम्हाला."

पुन्हा बोर्ड बांधला. तिचे दोन्ही हात माझ्या उघड्या हातांत घेतले. हातमोजे हलके लागले. आत कापूस भरल्यासारखे. पण त्या घडीला असलं कोण तपासत बसतंय? बाई सापडल्या होत्या, हेच पुष्कळ होतं. मी पाठमोरी घसरत निघाले.

"बोलत राहा," मी म्हटलं. "काहीही बोला, पण गप्प बसू नका."

आणि ती बोलायला लागली.

"पहाटे पिठाला हात लावला ना, की मी आधी त्याच्याशी बोलते. पीठ ऐकतं. नवरा नाही ऐकत!"

खोकला. मग हसणं.

मलाही जरा हसू आलं. म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट पुन्हा सांगायची खोड असते.

"मिरेया म्हणते, आई, तू झोपेतही बोलतेस. मी म्हटलं, मग काय करू? जागेपणी कोण ऐकतंय माझं?"

या वेळी मी काही बोलले नाही. दातावर दात आपटत होते माझे. ती क्षणभर थांबली. माझं वाक्य मावेल इतकीच. आणि मग...

"तू पैसे घेतेस म्हणून ऐकतेस, लबाडे!"

मी बोर्ड थांबवला.

"रेमेईबाई," मी म्हटलं, "मिरेयाला कुठला फोटो पाठवायचाय?"

उत्तर नाही. मग पुन्हा पहिल्यापासून... "पहाटे पिठाला हात लावला ना..." तोच खोकला, त्याच जागी. तेच हसणं. लिफ्टच्या खुर्चीत बाई जेवढं बोलल्या होत्या, तेवढंच तिला येत होतं.

आणि तेव्हा मला कळलं, मी खाली कोणाला टाकून आले होते.

मी हात सोडवायला गेले. ते हलके हात आता हलके नव्हते. या वेळी सोडून द्यायला माझ्या हातांत मोजेही नव्हते. मी खाली बसले, ओढलं, शिव्या दिल्या, देवाचं नाव घेतलं. ती बोलतच राहिली. "पीठ ऐकतं. नवरा नाही ऐकत!" खाली खरी बाई बर्फात एकटी, आणि मी तिच्याच आवाजात अडकून पडलेली. किती वेळ गेला, माहीत नाही. उजेड पांढऱ्याचा राखाडी झाला. बोटं दुखायची थांबली, म्हणजे काय झालं हे मला ठाऊक होतं.

मग खालून घरघर ऐकू आली. उतार सपाट करणारं यंत्र. त्याचा पिवळा दिवा धुक्यातून वर आला, आमच्यावर पडला...

समोर कोणीच नव्हतं.

मी एकटी बसले होते, दोन्ही हात पुढे ताणून. यंत्र चालवणारा कीमदादा खाली उतरला. त्याचं सगळं आयुष्य याच डोंगरावर गेलेलं. त्यानं मला उचलून आत बसवलं.

"बाई खाली आहे," मी ओरडले. "काठ्यांच्या कडेला! मी सोडून आले तिला!"

"आणि वर कोण होतं?"

"तिचा आवाज. सारखी बोलत होती."

कीमदादानं खिडकीची काच वर ओढून घट्ट लावली आणि यंत्र खाली वळवलं.

रेमेईबाई सापडल्या. मी सोडलं होतं तिथेच, त्याच जागी. छातीशी माझे दोन हातमोजे धरलेले.

जिवंत होत्या.

दवाखान्यात मी त्यांच्या पलंगापाशी गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. काहीच नाही. मग त्यांनी माझे पट्ट्या बांधलेले हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. नर्सला येऊन सोडवावे लागले.

डॉक्टर म्हणाले, घशाला काहीही झालेलं नाही. धक्का बसलाय, येईल आवाज.

आठ वर्षं झाली. आलेला नाही.

धुक्यात त्या गप्प का होत्या, हे मला त्या पलंगापाशी कळलं. आवाज तेव्हाच गेला होता. मला सांगता येईना म्हणून त्या हात आवळत होत्या. आणि मी तेच हात झटकून निघून आले.

नावेल म्हणतो, "येडे, घरी जा. तिकडेही बर्फच आहे की." खरंय त्याचं. दर वर्षी बॅग भरताना ठरवते, यंदाचं शेवटचं. पण इथून कायमचं जाववत नाही. मी आता खालच्या सपाटीवर लहान मुलांना शिकवते. वरची लिफ्ट घेत नाही. धुकं असलं की सहकारी सांगतात, वर कोणीतरी बाई पिठाबद्दल बोलत होती, खोकत होती, हसत होती. त्यांना वाटतं, असेल कोणी पर्यटक.

ही गोष्ट मी कधी लिहिली नसती. पण या आठवड्यात मिरेया आली.

रेमेईबाईंची लेक. माझ्याच वयाची. पीठ मळून मळून होतात तसे हात. बेकरी आता तीच चालवते. मला म्हणाली, "मला वर ने. धुकं असेल त्या दिवशी."

"वेड लागलंय का तुला?"

"आईशी माझं शेवटचं बोलणं फोनवर झालं, त्याच दिवशी सकाळी. ती बडबडत होती, दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, किती बोलतेस गं आई, जरा गप्प बस." ती खाली बघत राहिली. "तेव्हापासून ती गप्प आहे. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय. लांबून चालेल."

मी नाही म्हटलं. तीनदा नाही म्हटलं.

"तू आली नाहीस तर मी एकटी जाईन," ती म्हणाली. आणि ती जाईल. आईसारखीच हट्टी आहे.

आज दुपारपासून धुकं उतरतंय. मिरेया भाड्याचा बोर्ड घेऊन लिफ्टपाशी उभी आहे. इथून दिसतेय मला. तिला बोर्डवर धड उभंही राहता येत नाही. म्हणजे उतरताना तिचे दोन्ही हात मलाच धरावे लागणार.

या वेळी मी हात सोडणार नाही. काहीही झालं तरी नाही.

पण वरून तिची आई हाक मारेल... तेव्हा ती सोडेल.