रखमाच्या हातचं बाशिंग

“हे बाशिंग कुणाच्या हातचं आहे? खरं सांग, हरेश्वर!”

नवरीचा बाप गंगाधर आपल्या माझगावच्या घरापुढच्या भर मांडवात उभा राहून गरजला, आणि पाठीमागच्या पडवीत तांदळाच्या पोत्यांआड अंग चोरून बसलेल्या रखमाच्या तोंडचं पाणी पळालं. सनई मध्येच थांबली. मुहूर्ताला जेमतेम तासभर उरला होता… आणि वीस वर्षं जे झाकून ठेवलं, ते नेमकं आज, तिच्या भाच्याच्या, जयवंताच्या लग्नात उघडं पडायचं होतं!

लालबागचा हरेश्वर बाशिंगवाला म्हटला की १८९५ साली परळपासून माझगावपर्यंत कुणाला निराळं सांगावं लागत नसे. पाणथळीत उगवणाऱ्या भेंडाच्या पांढऱ्याशुभ्र गाभ्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे कापून त्यांची फुलं, पोपट, मोर करावेत, त्यांवर चकचकीत बेगड चढवावी, आणि नवरानवरीच्या कपाळी असं काही तेज उभं करावं की बघणाऱ्यांनी जेवण विसरावं! पण त्या बाशिंगांतली एक पाकळीसुद्धा हरेश्वरानं कापलेली नव्हती. कापत होती ती त्याची थोरली बहीण रखमा. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेल्या त्या पोरीच्या हाती बापानं दुःख विसरायला म्हणून सुरी दिली, आणि तिच्या बोटांत जणू देवच उतरला. मात्र विधवेच्या हातचं बाशिंग कोण कपाळी बांधणार? म्हणून बाप गेल्यावर दार लावून तिनं करायचं आणि ओटीवर बसून हरेश्वरानं मिरवायचं, असं ठरून गेलं. तिनं कधी हूं की चूं केलं नाही. हरेश्वर दारू पिऊन यायचा, कधी बोलानं मारायचा तर कधी हातानं, तरीही नाही. भावजय बाळंतपणात गेली तेव्हा नऊ दिवसांचा जयवंत तिनं पदराखाली घेतला, आणि आपल्या रित्या आयुष्याला निदान एक नाव आहे, आत्या, एवढ्यावर ती तृप्त राहिली.

त्या जयवंताच्या लग्नासाठी तिनं जीव ओतला होता. साखरपुड्याला माझगावला येताना खटाऱ्यातून तिनं तिथल्या जुन्या चर्चची उंच टोकदार कमान पाहिली होती, आणि गोदीत उभ्या गलबतांच्या डोलकाठ्याही. त्या दोन्ही मनात घोळवत तिनं आगळंच मखर रचलं… भेंडाच्या जाळीच्या कमानी, त्यांवर शिडांसारखी फुगलेली पांढरी कमळं, आणि मधून मधून बेगडीचे मासे. मांडवात पाऊल टाकलं की माणूस “अहाहा!” म्हणूनच थबकत होता. ते ऐकून जयवंताला राहवलं नाही. गिरणीत काम करणारा तो वीस वर्षांचा भोळा जीव होणाऱ्या मेव्हण्याला अभिमानानं म्हणाला, “हे सगळं माझ्या आत्यानं केलंय. बाशिंगंसुद्धा!”

बस्स. एवढ्यावरून आग लागली.

“रांडमुंड बाईचा हात माझ्या पोरीच्या कपाळाला?” गंगाधरानं हरेश्वराची गचांडी धरली. “तिचं कुंकू पुसायला निघालायस तू?”

गोदीत मणामणाची ओझी उचलणारी त्याची माणसं पुढे सरसावली. मांडवाचा वासा उपसून एकानं मखरावर घातला. कमानी काडकन मोडल्या, कमळं पायदळी गेली. जयवंत अडवायला धावला, त्याच्या कानशिलावर काठी बसली, आणि त्याच्या कपाळचं बाशिंग तुटून धुळीत पडलं. बाया किंचाळू लागल्या, पोरं रडू लागली. कुणीतरी ठोसा लगावून हरेश्वराचं तोंड फोडलं.

आणि त्या क्षणी, भीतीनं आणि अपमानानं पिसाळलेला हरेश्वर पडवीकडे धावला. त्यानं रखमाला दंडाला धरून फरफटत मांडवात आणलं.

“हिनं केलं! मला न विचारता, चोरून हात लावला अवदसेनं!” असं ओरडत त्यानं पडलेला बांबू उचलला.

पहिला घाव पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर. तिसरा घाव चुकवायला तिनं उजवा हात वर केला, आणि मनगटातलं हाड मोडल्याचा आवाज जवळच्या चार माणसांनी ऐकला. रखमा ओरडली नाही. तिनं फक्त जयवंताकडे पाहिलं… त्याच्या कानातून रक्त ओघळत होतं, हळदीच्या अंगावर. हे लग्न मोडलं तर पोराच्या जन्माला डाग लागेल! ती धुळीतच गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली,

“होय, मी चोरून केलं. माझ्या भावाला ठाऊक नव्हतं. मला काय ती शिक्षा करा, पण पोराचं लग्न मोडू नका.”

“आत्या, खोटं बोलू नकोस!” जयवंत कळवळून ओरडला. “बाबा, तुम्ही तरी सांगा! आजवर एक तरी बाशिंग तुम्ही केलंय का?”

गंगाधर चमकला. त्यानं सामानातला भेंडाचा तुकडा आणि सुरी उचलून हरेश्वरापुढे फेकली. “कर. आमच्यादेखत एक फूल कापून दाखव. नाहीतर वऱ्हाड इथूनच परत.”

हरेश्वर खाली बसला. सारा मांडव त्याच्या हातांकडे बघत होता. सुरी भेंडात शिरली, सटकली, आणि त्याच्याच दोन बोटांत रुतली. पांढऱ्या गाभ्यावर रक्त पसरलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं… आणि त्या हसण्यानं त्याचं उरलंसुरलं भान गेलं. “तुझ्या जिभेनं घात केला, कार्ट्या!” असं किंचाळत तो सुरी उगारून स्वतःच्या मुलावर धावला!

रखमा कशी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. मोडका हात छातीशी धरून ती मध्ये उभी होती आणि सुरीचं टोक तिच्या गळ्याला टेकलं होतं.

“हरी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा कठोर कुणी कधी ऐकला नव्हता, “मला मारलंस, मारत आलास, मी सोसलं. पण ह्या पोराला हात लावायचा तर आधी माझा गळा चीर. चीर!”

तिच्या गळ्यावरून रक्ताचा एक थेंब ओघळला. तो थेंब पाहिला मात्र, सुरी त्याच्या हातून गळून पडली आणि तो तिच्या पायांशी कोसळला.

“मी खोटा आहे हो… सगळा खोटा! वीस वर्षांत एक पाकळी कापली नाही मी. सगळं हिनं केलं, आणि नाव मी खाल्लं. आज हिचा हातही मीच मोडला!”

तेव्हा ओसरीवरून गंगाधराची म्हातारी आई, सखुबाई, काठी टेकत खाली उतरली.

“गंगाधरा,” ती म्हणाली, “तुझ्या थोरल्या तिघी पोरींना बाशिंगं कुठून आणली होती रे?”

गंगाधर मोडक्या मखराकडे बघू लागला.

“ह्याच घरातून ना? म्हणजे हिच्याच हातची. तिघी आत कुंकू लावून उभ्या आहेत, पोराबाळांसकट. एकीचं तरी वाईट झालं काय? अशुभ हात हिचा की बाईमाणसावर काठी उगारलेली बघत उभे राहिलात त्या तुमचा?”

गंगाधराची मान खाली गेली. तो पुढे झाला आणि सर्वांदेखत वाकून त्यानं धुळीतलं बाशिंग उचललं. “बाई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “हे सावरता येईल काय?”

रखमानं उजवा हात हलवून पाहिला. बोटं मिटेनात. मग ती हरेश्वराकडे वळली.

“हरी, बोटांना चिंधी बांध आणि बस इथं. मी सांगते, तू चिकटव.”

चेचलेली कमळं वेगळी करायची, मोराची मान काडीनं उभी करायची, बेगड फुंकर घालून बसवायची… ती सांगत गेली आणि पंचेचाळिशीचा तो आडदांड माणूस नाक ओढत करत गेला. चुकला की ती म्हणायची, “हळू. दाबू नकोस.” बाशिंग वाकडंतिकडंच झालं. पण सखुबाईनं ते रखमाच्याच डाव्या हातात दिलं, आणि तिनं ते जयवंताच्या कपाळी टेकवताच हरेश्वरानं मागून गाठ मारली. अंतरपाट दूर झाला, तेव्हा रखमा पडवीत नव्हती. सखुबाईशेजारी, मांडवात उभी होती.

हाडवैद्यानं मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि ह्या हातात पुन्हा सुरी धरता येणार नाही, हे स्पष्टच सांगितलं.

दुपारी पंगत बसली. हरेश्वर आपलं पान उचलून तिच्या शेजारी येऊन बसला. त्यानं वरणभात कालवला आणि घास तिच्या ओठांपाशी नेला.

“बाय, खा गो.”

ती कितीतरी वेळ त्याच्या डाव्या हाताच्या चिंधी बांधलेल्या बोटांकडे पाहत राहिली. माफ केलं म्हणावं, तर ते शब्द येईनात; रागानं घास झिडकारावा, तर तेही होईना. आणि मग, आयुष्यभर कुणाजवळ काहीच न मागितलेली ती बाई, भरल्या पंगतीत लहान पोरीसारखी म्हणाली,

“हरी… फार दुखतंय रे.”

एवढं बोलली आणि हुंदक्यांनी तिचा ऊर भरून आला. डाव्या हातानं हरेश्वर तिची पाठ चोळत राहिला, आणि उजव्या हातातला घास, ती रडायची थांबेपर्यंत, त्यानं तसाच धरून ठेवला.