पुसू नये

विसरलेली छत्री घ्यायला चित्रकलेची शिक्षिका वर्गात परत आली, तेव्हा गणिताचे नवे सर फळ्यासमोर डस्टर उगारून पुतळ्यासारखे उभे होते. फळ्यावर तिने मागच्या तासाला काढलेला बगळा होता – एका पायावर, डोळे मिटलेला.

“पुसा ना, सर.”

सर दचकले. “हात धजत नाहीये हो... जिवंत वाटतोय.”

“उद्या दुसरा काढीन. द्या इकडे.” दोन फटक्यांत बगळा गायब. दारातून मान वळवून ती म्हणाली, “तुमची गणितं पुसताना मी कधी रडले का?”

सर असे काही हसले, की छत्री पुन्हा तिथेच राहिली.

खरं तर पुसलं जाण्यावरच तिची सगळी मदार होती. गेल्या वर्षी प्रदर्शनात तिच्या एका चित्राचं इतकं कौतुक झालं, की तेव्हापासून ब्रश उचलला की ‘हे तसं होईल ना?’ या धास्तीनं हात आखडायचा. घरी कोरा कॅनव्हास भिंतीला टेकून पडला होता. “त्यावर कपडे तरी वाळत घालते आता,” ताई म्हणायची. फळ्यावर मात्र ही धास्ती नव्हती. पुढच्या तासाला जाणारंच चित्र, त्यात जपायचं काय? तिथे हात मोकळा सुटायचा.

मग दोघांचा खेळच सुरू झाला. तिने झाड काढलं, तर सर फांद्यांवर अपूर्णांक टांगायचे. तिने जिना काढला, तर मुलांना पायऱ्या मोजायला लावायचे. तास संपला की पुसायचे खरे. पण स्टाफरूममध्ये तिच्यासमोर बसताना बाहीवरचा खडू मुद्दाम झटकायचे नाहीत.

“चित्र आहे, मॅडम. घरी नेतोय.”

“आई धुऊन टाकतील तुमच्या!” असं म्हणताना ती कानापर्यंत लाल व्हायची.

एकदा तिने नदी काढली. दुसऱ्या सकाळी नदी जागच्या जागी! भोवती चौकट, खाली ठसठशीत अक्षरं – पुसू नये. ती सुखावली, फारच सुखावली. आणि उरलेल्या कोपऱ्यात खडू टेकवला, तर हात आखडला... ‘हे नदीसारखं होईल ना?’ आठवडाभर तेच. कॅनव्हासपाठोपाठ आता फळाही गेला.

शाळा सुटल्यावर तिने सरांना वर्गातच गाठलं. “नदी पुसा.”

“अहो, ती तुमची सगळ्यात सुंदर...”

“म्हणूनच. ती आहे तोवर मला दुसरं सुचत नाही. तुम्ही मायेनं ठेवलीत, कळतंय मला. पण मुठीत धरलं, की माझ्यातलं चित्र गुदमरतं.”

सर नदीकडे बघत म्हणाले, “आणि... आवडलेल्या माणसांचं काय करता?”

“हे पाठ करून आलात?”

“पाठ केलेलं केव्हाच विसरलो.”

ती हसली. मग सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “मला तुम्ही आवडता. हो म्हणालात तर नाचेन. नाही म्हणालात तर रडेन – आणि उद्या याच फळ्यावर चित्र काढीन. बोला.”

सरांनी डस्टर उचललं. आधी अक्षरं गेली, मग चौकट, मग नदी. डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही.

“हे माझं ‘हो’,” ते म्हणाले.

स्वच्छ काळ्या फळ्यासमोर तिचे हात शिवशिवू लागले. “उभा राहा तिथे. हलू नकोस.” बघता बघता फळ्यावर डस्टर उगारलेला एक माणूस उतरला, बाहीवरच्या खडूसकट.

“हाही पुसायचा?”

“पुसायचाच. पण पुसायला रोज तूच ये.”

त्या संध्याकाळी घरी कॅनव्हाससमोर रंगांच्या ट्यूब उघडल्या. ताई दारात बादली घेऊन उभी राहिली. “अगं, मग मी कपडे वाळत घालू कुठे?”