येते म्हण

मागचं दार काढून तिथे खिडकी बसवायची, एवढंच काम होतं. दाराची खालची फळी कुजलेली, बिजागऱ्या गंजलेल्या. गवंडीमामा म्हणाले, "चौकट काढू, कमरेएवढं बांधकाम करू, वर खिडकी. उजेड येईल घरात."

"येऊ द्या हो," मी म्हटलं. "अकरा वर्षं या दाराने माझ्या जिवाला घोर लावलाय."

खरं सांगते, मला त्या दाराचा रागच होता. दादा भांडून त्याच दारातून गेला. निघताना "येतो" म्हणाला. सगळेच म्हणतात हो! आईने मात्र तो शब्द धरून ठेवला. दाराला कडी लावायची नाही म्हणजे नाही. शेवटी शेवटी ती खाटेला खिळली; तिला उचलायचं, आंघोळ घालायची, भरवायचं मी. आणि तिचे डोळे दाराकडे. मी चिडून "जाते कामाला" म्हटलं, की तेवढ्यापुरती माझ्याकडे वळायची. "जाते म्हणू नये गं, येते म्हण." दिवसभरात माझ्या वाट्याला तेवढंच.

एक गोष्ट तिला मी कधी सांगितली नाही. दादा गेल्यावर महिन्याभरातच एका दुपारी मी हट्टाने कडी लावली होती. आई झोपलेली. दार वाजलं. "आई... आलो गं." मी जागची हलले नाही. बराच वेळ वाजलं, मग थांबलं. तो पुन्हा आला नाही.

गेल्या महिन्यात आई वारली. दाराकडे बघतच.

मामांनी विटा रचल्या, खिडकी बसवली, आतून गिलावा केला आणि जेवायला घरी गेले. ओल्या सिमेंटचा वास सुटला होता. आईच्या रिकाम्या खाटेवर पहिल्यांदाच ऊन आलं होतं. बरं वाटलं मला.

तेवढ्यात टकटक झाली. काचेवर नाही, खाली... नव्या भिंतीवर. मी खिडकीतून वाकून पाहिलं. बाहेर नुसतं ऊन.

"आई... आलो गं."

माझ्या मागे खाट करकरली. "आले रे, आले..."

आई शेवटची दोन वर्षं उठलीच नव्हती. आता अनवाणी पावलं माझ्या शेजारून वाजत गेली. दिसलं काहीच नाही. फक्त ओल्या गिलाव्यावर बोटं उमटू लागली. कडी चाचपत होती ती.

"आई, मी आहे ना गं इथे..."

बोटं चाचपतच राहिली. मला रडू फुटलं. "चुकलं माझं. तेव्हा मीच कडी लावली होती."

बोटं थांबली.

मी मागे सरत सरत पुढच्या दाराबाहेर आले. सवयीनेच तोंडातून निघालं, "जाते मी." आणि उंबऱ्याबाहेर थांबले. आता ती रागावेल, म्हणेल नेहमीचं. तेवढं एकदा म्हणाली असती तरी मी परत आत गेले असते हो!

"जा," आतून आई म्हणाली.

आणि पुढच्या दाराला आतून कडी लागली.