बंद दारापलीकडचा विद्यार्थी

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच रुसून बसली आणि आत ती एकटीच. सर्वांत वर इंग्रजीचा क्लास होता. तिथल्या शिक्षिकेच्या जागेसाठी आज तिला नमुन्याचा तास घ्यायचा होता. याआधी दोन ठिकाणी फळ्यापुढे तिची दातखीळ बसली होती. हीही जागा हुकली, तर आई तिला मामाच्या दुकानात बसवणार हे ठरलेलं होतं.

"घाबरू नका," वरच्या दारापलीकडून आवाज आला. शांत, किंचित खट्याळ. "मी मेकॅनिक. माझा जोडीदार गच्चीवर मोटर बघतोय. तोवर बोलत राहा."

"काय बोलू?"

"मघापासून पुटपुटताय ते."

"ती... इंग्रजीतली जर-तरची वाक्यं आहेत," ती ओशाळली. "तुम्हाला कंटाळा येईल."

"येऊ तर दे."

मग काय, बाईंनी तास सुरू केला. "मी अर्धं सांगते, तुम्ही पुरं करा. इफ द लिफ्ट स्टॉप्स..."

"आय विल कम."

"अगदी बरोबर. आता तुम्ही."

"इफ यू विल शाउट —"

"अं हं. इफच्या भागात विल नको, साधा वर्तमानकाळ. इफ यू शाउट..."

"आय विल हिअर," तो म्हणाला. "आणि जे घडलंच नाही, त्याचं कसं?"

"इफ द लिफ्ट हॅड नॉट स्टॉप्ड..." लिफ्ट थांबलीच नसती तर — तिने वाक्य अर्धंच सोडलं. "ते नंतर."

आपण इतका वेळ अडखळलो नाही, हे तिला आत्ता कळलं. पण हा दिसतो तरी कसा?

लिफ्ट हळूच खालच्या मजल्यावर उतरली. ती जिन्याने वर धावली, तर वरच्या दारापाशी नुसता एक पाना पडलेला.

परीक्षकांपुढे जीभ पुन्हा टाळूला चिकटली. तिने ते बंद दार डोळ्यांपुढे आणलं आणि त्या दारालाच शिकवलं. जागा मिळाली.

खाली निळ्या कपड्यांतले दोघे हत्यारं आवरत होते. एक मिशीवाला, एक कुरळ्या केसांचा. यातला कोणता? विचारायची लाज वाटली. ती लिफ्टकडे बघतच म्हणाली, "इफ द लिफ्ट स्टॉप्स अगेन..."

मिशीवाला बुचकळ्यात पडला. कुरळ्या केसांचा मात्र खालमानेनेच बोलला, "आय विल कम." मग त्याने वर पाहिलं. "आणि नाही थांबली तर?"

"तरी या," ती म्हणाली.